ओटीपोटातले दुखणे अंगावर काढू नका

गोठ्यातली गाय व्याली आणि तिची वार वेळेत पडली नाही, तर आपण काय करतो? घरातला कर्ता माणूस हातातले काम टाकून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. पुढे त्या गाईच्या अंगातून घाण वासाचा, पुवासारखा स्राव जाताना दिसला, किंवा दोन-तीन वेळा भरवूनही ती उलटली, तर आपण लगेच ओळखतो की हिच्या पिशवीत काहीतरी बिघाड झाला आहे. डॉक्टर येतात, हात घालून तपासतात, औषध देतात आणि सांगतात, "वेळेवर बोलावलेत म्हणून बरे. आणखी उशीर झाला असता तर गाय कायमची भाकड राहिली असती."

आता त्याच घराच्या चुलीपाशी जरा थांबून ऐका.

"आत्या, ओटीपोटात लई दुखतंय. अंगावरूनबी जातंय, वास येतोय त्याला."

"अगं, बाईच्या जातीला हे असायचंच. आम्ही काय कमी सोसलं? एवढा कांदा काढून होऊ दे, मग बघू."

कांदा निघतो, मग गव्हाची काढणी येते, मग लग्नसराई. सूनबाई कमरेला पदर घट्ट बांधून कामाला लागते. काही दिवसांनी दुखणे आपोआप कमी होते आणि सगळे विसरून जातात. दोन-तीन वर्षांनी मात्र घरात वेगळीच कुजबुज सुरू होते. हिला दुसरे मूल का राहत नाही? किंवा, हिची कंबर कायमच का धरलेली असते?

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो. तो संबंध काय, आणि वेळीच काय केले तर पुढचे नुकसान टळते, हेच आज सांगायचे आहे. विषय लाजेचा वाटेल. पण ज्या लाजेपायी संसाराचे नुकसान होते, ती लाज काय कामाची?

न सांगितलेले दुखणे

हे दुखणे किती घरांत आहे, याची पहिली मोठी मोजदाद आपल्याच महाराष्ट्रात झाली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग या दांपत्याने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि साऱ्या जगाचे लक्ष खेड्यातल्या बाईच्या या दुखण्याकडे गेले.

काय आढळले त्या तपासणीत? शंभरातल्या ९२ स्त्रियांना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा किंवा त्या भागातला एक ना एक आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून अधिक आजार होते. त्यांतला निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यापूर्वी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे आजार आत होता आणि बाईला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. या आजाराचा खरा धोका हाच आहे. तो पुष्कळदा गुपचूप येतो आणि गुपचूप नुकसान करतो.

आत काय घडते?

बाईच्या ओटीपोटात मुठीएवढी गर्भपिशवी असते. तिचे तोंड खाली योनिमार्गात उघडते. पिशवीच्या वरच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते आणि नळीच्या टोकाशी एकेक बीजकोश. बीजकोशातून निघालेले बीज नळीत येते, तिथेच पुरुषबीजाशी त्याचे मीलन होते, आणि तयार झालेला गर्भ नळीतून सरकत पिशवीत येऊन रुजतो.

योनिमार्गात नेहमीच काही जंतू असतात. ते बहुतेक निरुपद्रवी असतात. पिशवीच्या तोंडाशी चिकट स्रावाचे जणू एक दारच लावलेले असते, त्यामुळे खालचे जंतू वर जात नाहीत. पण हे दार उघडे पडले, किंवा बाहेरून जहाल जंतू आले, तर ते वर चढतात. आधी पिशवीच्या तोंडाला सूज, मग पिशवीच्या अस्तराला, मग नळ्यांना, आणि शेवटी बीजकोशांना व आसपासच्या आतड्यांना. यालाच ओटीपोटातील जंतुसंसर्ग म्हणतात. इस्पितळाच्या कागदावर डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांत 'पीआयडी' असे लिहितात.

हे जंतू येतात कुठून?

पहिले कारण शरीरसंबंधातून येणारे जंतू. आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात त्याचे जंतू, आणि क्लॅमिडिया नावाचे दुसरे जंतू, ही दोन्ही नावे यात मोठी आहेत. नवऱ्याला लघवीला जळजळ झाली, पू आला, त्याने गुपचूप चार गोळ्या घेतल्या आणि त्याला बरे वाटले. पण तोवर जंतू बायकोच्या अंगात गेलेले असतात. क्लॅमिडियाच्या बाबतीत तर पुरुषालाही अनेकदा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून "मला काही होत नाही, मग तुलाच कसे झाले?" हा नवऱ्याचा प्रश्न गैरलागू आहे.

दुसरे कारण बाळंतपण आणि गर्भपात. या वेळी पिशवीचे तोंड उघडे असते आणि आत वारेच्या जागी ताजी जखम असते. न धुतलेले हात, न उकळलेली अवजारे, आत राहिलेला वारेचा तुकडा, यांतून जंतू थेट पिशवीत जातात. बाळंतिणीला ताप आला, ओटीपोट दुखू लागले, जाणाऱ्या रक्ताला घाण वास येऊ लागला, तर "दूध चढल्याचा ताप" म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतिणीचा असा ताप जिवावर बेततो.

गर्भपाताच्या बाबतीतही तेच. आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने, ठरवून दिलेल्या अटींनुसार, मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करून घेता येतो. तरीही चोरून, भोंदूकडून काडी घालून घेणे किंवा दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणे चालूच आहे. असे केल्याने गर्भ अर्धवट पडतो, उरलेला भाग आत कुजतो आणि संसर्ग नळ्यांपर्यंत पोचतो.

तिसरे कारण, योनिमार्गातल्या जंतूंचे बिघडलेले संतुलन. चांगले जंतू कमी होऊन वाईट वाढले की मासळीसारख्या वासाचा स्राव जाऊ लागतो आणि असे जंतू कधी कधी वरही चढतात. साबणाने, जंतुनाशकाने किंवा तुरटीच्या पाण्याने आतला भाग धुतल्यास चांगले जंतूही मरतात. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरे. आत धुण्याची गरज नाही.

तांबी बसवण्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. तांबीमुळे संसर्गाचा धोका थोडासा वाढतो तो बसवल्यानंतरच्या पहिल्या सुमारे तीन आठवड्यांत, आणि तोही मुख्यतः आधीपासून संसर्ग असेल तर. म्हणून बसवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. तांबीला घाबरण्याचे कारण नाही.

शेवटचे एक कारण आपल्या देशात विसरून चालत नाही. ते म्हणजे क्षयरोग. फुप्फुसातले क्षयाचे जंतू रक्तावाटे गर्भनळ्यांत जाऊन बसतात. बाईला खोकला नसतो, तापही नसतो. फक्त पाळी कमी होत जाते किंवा मूल राहत नाही. घरात पूर्वी कुणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

प्रत्येक पांढरे जाणे आजार नव्हे

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर भगिनी उगाच घाबरतील. दोन पाळ्यांच्या मध्ये काही दिवस, किंवा गरोदरपणात, पाण्यासारखा किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, वास नसलेला, खाज नसलेला स्राव जातो. तो नैसर्गिक आहे. पांढरे जाण्याने हाडे झिजतात, अंगातली ताकद निघून जाते, ही समजूतही चुकीची आहे. अशक्तपणा पुष्कळदा येतो तो अंगात रक्त कमी असल्याने, अपुऱ्या खाण्याने आणि उसंत नसलेल्या कामाने. त्यावर उपाय लोहाच्या गोळ्या, हिरव्या भाज्या, डाळी आणि दुपारची घटकाभर विश्रांती.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर तपासणी करून घेतलीच पाहिजे:

स्राव पिवळा, हिरवट किंवा दह्यासारखा फुटका असणे, त्याला घाण वास येणे.
ओटीपोटात एका किंवा दोन्ही बाजूंना दुखणे, चालताना किंवा ओझे उचलताना ते वाढणे.
संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे, किंवा नंतर रक्त दिसणे.
दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळीत पूर्वीपेक्षा फार दुखणे.
लघवीला जळजळ होणे.
या दुखण्याबरोबर ताप, थंडी किंवा उलटी होणे.

शेवटचे लक्षण असेल तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका.

दुखणे थांबले, नुकसान थांबले नाही

"आपोआप बरे झाले" असे आपण म्हणतो, तेव्हा खरे काय होते ते पाहू. शेतातल्या ठिबकच्या नळीत क्षार बसले की पाणी पुढे जात नाही. बाईची गर्भनळी तर जेमतेम चार-पाच इंच लांब असते आणि तिची आतली वाट काही ठिकाणी सुईच्या नाकाएवढी बारीक. तिच्या आत मखमलीसारखी सूक्ष्म लव असते. तीच लव बीजाला पुढे ढकलते. संसर्गाने सूज आली की ही लव झडते, नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आणि सूज उतरली तरी जागोजाग व्रण राहतात. ठिबकच्या नळ्या आम्ल सोडून साफ करता येतात. बाईच्या नळीतले व्रण कुठल्याही औषधाने धुऊन निघत नाहीत. औषध जंतू मारते, पण झालेले व्रण पुसत नाही. म्हणूनच लवकर उपचाराला इतके महत्त्व आहे.

याचा पक्का हिशेब स्वीडन देशातल्या डॉक्टरांनी मांडला आहे. लुंड या शहरात १९६० ते १९८४ या काळात दुर्बिणीतून तपासून हा संसर्ग पक्का ठरलेल्या १,८४४ स्त्रियांवर त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संसर्ग एकदाच झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्या बंद झाल्याने मूल राहिले नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के निघाले, आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. म्हणजे प्रत्येक नव्या हल्ल्यागणिक नुकसान दुपटीने वाढत गेले.

त्याच नोंदींवरून पुढे १९९३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. दुखणे सुरू झाल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत उशीर करणाऱ्यांमध्ये मूल न राहण्याचे किंवा गर्भ नळीत अडकण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. कांदा निघेपर्यंत थांबण्याची किंमत काय असते, ते यावरून समजावे.

गर्भ नळीत रुजला तर

नळी पूर्ण बंद न होता अर्धवट चिकटली, तर पुरुषबीज वर जाते पण वाढणारा गर्भ पिशवीपर्यंत उतरू शकत नाही. तो नळीतच रुजतो आणि वाढू लागतो. बारीक नळीत तो किती वाढणार? काही आठवड्यांत नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. लुंडच्या त्याच पाहणीत संसर्ग होऊन गेलेल्या स्त्रियांच्या पहिल्या गर्भारपणात असे होण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. संसर्ग नसलेल्या स्त्रियांत ते दीड टक्क्याहून कमी होते.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते आहे, थोडे रक्त दिसते आहे, चक्कर येते आहे किंवा खांदा दुखतो आहे, असे असेल तर रात्र असो की पाऊस, मिळेल ते वाहन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. इथे काढा, शेक, अंगारा यांत वेळ घालवला तर बाई हाताशी राहत नाही.

कायमची धरलेली कंबर

तिसरा परिणाम जिवावर बेतत नाही, पण जगणे नकोसे करतो. आतले अवयव एकमेकांना चिकटल्याने महिनोन् महिने ओटीपोट दुखत राहते. वाकून खुरपताना दुखते, हंडा उचलताना दुखते, पाळीत दुखते, नवऱ्याजवळ जाताना दुखते. बाई चिडचिडी होते, नवऱ्याला टाळते. नवऱ्याला वाटते हिचे मन उडाले. सासूला वाटते ही कामचुकार आहे. दुखणे राहते बाजूलाच आणि घरात भांडणे सुरू होतात.

आणि मूल राहिले नाही तर? तिला 'वांझ' म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्या बाईने बाळंतपणानंतरचा ताप मुकाट्याने सोसला, किंवा जिला हा आजार नवऱ्याकडूनच आला, तिच्याच माथी हा दोष येतो. मूल न राहण्याचे कारण कधी पुरुषात असते, कधी बाईत, कधी दोघांत. म्हणून तपासणी दोघांची झाली पाहिजे. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सोपी आहे आणि आधी तीच करावी. मग बाईच्या नळ्यांचा फोटो औषध सोडून काढता येतो. नळ्या बंद निघाल्या तर आज टेस्ट ट्यूब बाळाचा मार्ग आहे. पण त्याला लागणारा पैसा किती घरांना झेपतो? त्या मानाने पंधरा दिवसांच्या गोळ्या किती स्वस्त!

उपचार सोपा आहे, पण पुरा केला पाहिजे

प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात या आजाराची तपासणी आणि औषधे मिळतात. जायला संकोच वाटत असेल तर आधी गावच्या आशाताईंशी किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंशी बोला. त्या बरोबर येतील. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी नर्सबाईंना किंवा घरातल्या बाईला जवळ थांबायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

डॉक्टर आतून तपासतील. ही तपासणी काही मिनिटांची असते. आधी लघवी करून जावे आणि अंग सैल सोडावे, म्हणजे त्रास होत नाही. पाळी केव्हा आली होती, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, पूर्वी गर्भपात झाला का, नवऱ्याला काही त्रास आहे का, हे विचारले तर खरे सांगा. गरोदरपणात काही औषधे चालत नाहीत, म्हणून दिवस राहिल्याची शंका मुळीच लपवू नका. गरज पडल्यास लघवीची तपासणी किंवा सोनोग्राफी करतात.

संसर्ग वरपर्यंत गेला असेल तर साधारणतः दोन ते तीन प्रकारची जंतुनाशके मिळून चौदा दिवसांचा उपचार असतो. ताप जास्त असेल, आत पू साठला असेल किंवा बाई गरोदर असेल तर दवाखान्यात ठेवून घेतात. दोन-तीन दिवसांत आराम पडू लागतो. तो पडला नाही तर पुन्हा दाखवा. आणि आराम पडला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद करू नका! कपाशीवर अर्ध्या मात्रेची फवारणी केली तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. कमजोर किडी मरतात, चिवट उरतात आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाहीत. जंतूंचेही तसेच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नवऱ्याच्या उपचाराची. संबंधातून आलेल्या संसर्गात एकट्या बायकोला औषध देणे म्हणजे एका बाजूने बांध घालून दुसऱ्या बाजूने तो फोडण्यासारखे आहे. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे, दोघांचे औषध पुरे होईपर्यंत संबंध टाळावा, आणि पुढेही जिथे शंका असेल तिथे निरोध वापरावा. कुणामुळे झाले याचा वाद घरात घालू नये. हे जंतू अंगात कित्येक महिने गप्प राहू शकतात आणि प्रत्येक संसर्ग काही परपुरुषाच्या किंवा परस्त्रीच्या संबंधातूनच आलेला असतो असे नाही. आधी दोघे बरे व्हा.

पिशवी काढणे हा पांढरे जाण्यावरचा इलाज नव्हे

आता एका दुखऱ्या गोष्टीकडे वळतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दूर, पाळीतही सुट्टी नाही. अशा बाईला पांढरे जाण्याचा आणि पोटदुखीचा त्रास झाला नाही तरच नवल.

२०१९ साली या स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे.

पिशवी काढण्याची खरी गरज काही आजारांत असते. कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेले अंग. पण ज्या दुखण्याला चौदा दिवसांच्या गोळ्या पुरतात, त्यासाठी तिशीतल्या बाईची पिशवी काढणे हा अन्याय आहे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय दहा-पंधरा वर्षे अलीकडे येते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ओझे उचलणाऱ्या बाईला हे कसे परवडणार? वर शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडायला पुन्हा उचल घ्यावी लागते.

म्हणून "मुले झाली ना, मग पिशवी कशाला ठेवता? कर्करोग होईल" असे कुणी म्हणाले, तर घाबरून त्याच दिवशी होकार देऊ नका. विचारा: आजाराचे नाव काय? आधी औषध देऊन पाहिले का? पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्या. प्रत्येक पांढऱ्या जाण्याचा कर्करोग होतो असे नाही. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी तिशीनंतर सरकारी दवाखान्यात होते. ती मात्र जरूर करून घ्यावी.

घराने काय करावे?

बाळंतपण दवाखान्यात करावे. त्यानंतर सहा आठवडे संबंध टाळावा. गर्भपाताची वेळ आली तर मान्यताप्राप्त केंद्रातच जावे. पाळीचे कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाजेपायी ते कपाटामागे किंवा दुसऱ्या कपड्याखाली ओलसर ठेवू नये. उन्हासारखे फुकटचे जंतुनाशक दुसरे नाही. घरात न्हाणीला आडोसा आणि संडास असावा. हे बाईचे चोचले नव्हेत.

सासूबाईंना एक विनंती. तुम्ही सोसलेत हे खरे आहे. पण तुम्ही सोसलेत ते दवाखाना लांब होता म्हणून, सोसणे चांगले होते म्हणून नव्हे. सुनेने "दुखतंय" म्हटले की तिच्या बरोबर तुम्हीच जा. तिला जेवढा धीर तुमच्या सोबतीने येईल तेवढा दुसऱ्या कशाने येणार नाही.

आणि बंधूंनो, गाईला माज आलेला तुम्हाला लांबून ओळखू येतो. तिची वार पडली नाही तर तुम्हाला झोप लागत नाही. आज संध्याकाळी शेतातून घरी गेलात की घरधनिणीला एवढेच विचारा, "तुला काही दुखतंखुपतं का?" ती पहिल्यांदा "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर समाधान मानू नका, पुन्हा विचारा. आणि ती बोलली, तर दुसऱ्या दिवशी मोटर चालू करण्यापूर्वी तिला घेऊन दवाखान्यात जा. स्वतःची तपासणीही तिथेच करून घ्या.

कांदा दोन दिवस रानात थांबेल. हे दुखणे थांबत नाही.